अजिंठ्याच्या गाईडचा प्रश्न : जॉर्जियाच्या संताचा आणि बुद्धाच्या गोष्टीचा संबंध काय?

फर्दापूरकर

नमस्कार. मी अजिंठ्याला गाईड आहे, घर फर्दापूरला. बावीस वर्षं हेच काम करतोय. कोणता पाहुणा कुठल्या चित्रापुढे थांबणार याचा अंदाज आता आधीच येतो. जपानचे लोक एक नंबरमधल्या पद्मपाणीपुढे थांबतात. श्रीलंकेची माणसं सव्वीस नंबरला महापरिनिर्वाणापुढे खाली बसूनच घेतात. मागच्या आठवड्यात मात्र माझा अंदाज चुकला.

जॉर्जियाहून चौघं आले होते, तिबिलिसीचे. तीन बायका आणि एक कॉलेजातला पोरगा. पोराला इंग्रजी येत होतं, तो बाकीच्यांना त्यांच्या भाषेत सांगत होता. सोळा नंबरच्या लेण्यात असित ऋषींचं चित्र आहे, बाळ सिद्धार्थाला हातात घेतलेलं. तिथं मी नेहमीप्रमाणे सांगितलं की हे लेकरू घरात राहिलं तर चक्रवर्ती राजा होईल आणि घर सोडलं तर बुद्ध होईल असं भाकीत झालं, म्हणून बापाने त्याला दुःख दिसूच नये अशा बेताने महालात वाढवलं. पोराने ते आजीला सांगितलं. आजी सत्तरीच्या पुढच्या असतील, डोक्याला रुमाल बांधलेला. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि म्हणाल्या, "इओदासाफ." दोनदा म्हणाल्या. मग पोरगा मला म्हणाला, "आजी म्हणते ही गोष्ट आमच्या चर्चमध्ये आहे. आमच्या एका संताने ती ग्रीकांना दिली."

संताचं नाव त्यांनी माझ्या वहीत लिहून दिलं, दोन ओळी. अक्षरं तेलुगूसारखी गोल आहेत, मला वाचता येत नाहीत. फोटो खाली लावतोय. पोराने उच्चार सांगितला तो मी "एक्वतिमे" असा ऐकला.

मला विचारायचंय ते हे, की हा संत कोण आणि त्यांचं म्हणणं खरं आहे का? खरं असेल तर मला ते सोळा नंबरमध्ये पाहुण्यांना सांगायचंय. पण ऐकीव गोष्ट मी लेण्यात सांगत नाही. ज्या दिव्याच्या उजेडात ती चित्रं काढली गेली, तिथं उभं राहून खोटं बोलवत नाही.

गुरुजी, अंबाजोगाई

दादा, आजींनी सांगितलं ते खरं आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा माणूस माझ्या फार जवळचा झाला आहे. भाचीने तिबिलिसीत डॉक्टरीचं शिक्षण घेतलं. तिच्या पदवीदानाला मी गेलो होतो, तिथं पहिल्यांदा त्याचं नाव ऐकलं. परत आल्यापासून मिळेल ते वाचत आलोय.

नाव एक्व्तिमे म्तात्समिंदेली. "म्ता" म्हणजे डोंगर, "त्समिंदा" म्हणजे पवित्र. पवित्र डोंगरावरचा एक्व्तिमे. हा डोंगर म्हणजे ग्रीसमधला आथोस, समुद्रात घुसलेल्या एका चिंचोळ्या भूभागावरचा, जिथं हजार वर्षांपासून फक्त साधूंचे मठ आहेत. तिबिलिसी शहराच्या डोक्यावर जी टेकडी आहे तिलाही म्तात्समिंदाच म्हणतात. तिथं त्यांच्या कवी-लेखकांच्या समाध्या आहेत.

एक्व्तिमेचा जन्म इ.स. ९५५ च्या सुमाराचा, ताओ नावाच्या प्रदेशातला. तो भाग आज तुर्कस्तानात आहे. आपल्याकडचा काळ लक्षात यावा म्हणून सांगतो, तो अठरा वर्षांचा होता तेव्हा, ९७३ मध्ये, राष्ट्रकूट गेले आणि चालुक्यांचं राज्य आलं. वेरूळचं कैलास तेव्हा दोनशे वर्षांचं झालं होतं.

वडील इओआने मोठे सरदार. त्यांनी संसार सोडला आणि साधू झाले. पुढे बायझंटाईन सम्राटाने, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याच्या बादशहाने (राजधानी कॉन्स्टँटिनोपल, आजचं इस्तंबूल), ताओच्या राजाला, दावितला, काही मुलूख दिला आणि बदल्यात सरदारांची मुलं ओलीस मागितली. त्यात हा लहानगा एक्व्तिमेही कॉन्स्टँटिनोपलला गेला, आईच्या वडिलांनी नेला. इओआनेला कळलं तेव्हा तो मुलाला सोडवायला राजधानीत पोहोचला. सासरा पोराला द्यायला तयार नाही. शेवटी मुलगा ज्याच्याकडे जाईल त्याचा, असं ठरलं आणि मुलगा बापाकडे गेला. त्या बापाला त्याने धड पाहिलेलंही नव्हतं.

बाप मिळाला, पण भाषा गेली होती. ग्रीकांच्या शहरात वाढलेल्या त्या पोराला ग्रीक फाडफाड येत होती आणि जॉर्जियन जमेना. बाप रोज शिकवी, तरी जीभ वळेना. इओआनेला ते फार लागलं.

इथं मी वाचता वाचता थांबलो होतो. एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली बरीच बालाघाटातल्या वाड्या-तांड्यांवर. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा. कोयता, भांडीकुंडी, म्हातारी, लेकरं, सगळं घेऊन माणसं ऊसतोडीला जायची, कोणी सांगलीकडे, कोणी बेळगावकडे. सहा महिन्यांनी लेकरं परत यायची. चौथीतली एक मुलगी लागोपाठ तीन वर्षं कर्नाटकात जाऊन आली होती. पाण्याला "नीरु" म्हणायची. फळ्यापुढे मराठी वाचायला उभी केली की ओठ हलायचे, आवाज फुटायचा नाही. तिची आई एक दिवस शाळेच्या दाराशी येऊन म्हणाली, "गुरुजी, मपली लेक मुकी झाली का ओ?" मुकी नव्हती. दोन भाषांच्या मधे अडकली होती. मी तिला रोज मधल्या सुट्टीत जवळ बसवून तिच्या आजीच्या ओव्या म्हणायला लावल्या, कारण त्या तिला पाठ होत्या. दुसऱ्या वर्षी तिचं पुन्हा नाव पटावर होतं आणि ती पुन्हा कारखान्यावर होती. पुढे तिचं काय झालं ते मला कळलं नाही, आणि ते मला आजही सलतं.

एक्व्तिमेचं पुढे काय झालं हे त्याच्या चरित्रात आहे. तो आजारी पडला, इतका की वाचेल असं वाटेना. बापाने गुरवासारखा दिवा-धूप करून मेरीमातेपुढे साकडं घातलं आणि धर्मगुरूला बोलवायला माणूस धाडला. परत येऊन दार उघडतो तर पोरगा बिछान्यावर उठून बसलेला. पोराने सांगितलं की एक राणी आली होती, तिने जॉर्जियनमधून विचारलं, काय झालंय? मी म्हणालो, मरतोय. तिने हात धरला आणि म्हणाली, ऊठ, भिऊ नकोस, आणि मोकळेपणाने जॉर्जियन बोल. चरित्रकार म्हणतो की त्या दिवसापासून त्याच्या तोंडून भाषा झऱ्यासारखी वाहू लागली.

चमत्कार मानायचा की नाही हे ज्याचं त्याने पाहावं. मला यात एक गोष्ट फार मोठी वाटते. देवाची आई आजारी पोराच्या उशाशी येते ती त्याच्या आईच्या भाषेत बोलते. आमच्या आजोबांनी हे ऐकलं असतं तर त्यांना लगेच उमगलं असतं. ते निजामाच्या राज्यात शिकले. शाळा उर्दूत, कोर्ट उर्दूत, जमिनीचा कागद उर्दूत, आणि संध्याकाळी देवळात हरिपाठ तेवढा मराठीत.

बरा झाल्यावर बापाने त्याला एक काम दिलं. तो म्हणाला, बाळा, आपल्या मुलखात ग्रंथांची फार वाण आहे, देवाने तुला जे दिलंय ते त्यासाठी वापर. एक्व्तिमे भाषांतराला बसला तो जन्मभर. सुरुवातीची पुस्तकं ताओच्या दावित राजाकडे पाठवली. राजाने वाचली आणि म्हणाला, देवाचे उपकार, या काळात आपल्याला नवा सुवर्णमुख दिला. सुवर्णमुख म्हणजे संत जॉन क्रिसोस्टोम, त्यांचा सगळ्यात मोठा प्रवचनकार. मग राजा मागतच राहिला आणि एक्व्तिमे पाठवतच राहिला. दीडशेच्या वर ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. दिवसा मठाची कामं असत, म्हणून बरंचसं भाषांतर रात्री झालं.

तो मठ कसा उभा राहिला हे थोडक्यात सांगतो. बाप-लेकाबरोबर आथोसवर तोर्निके नावाचा एक जुना सेनापती साधू होऊन राहिला होता. साम्राज्यात बार्दास स्क्लेरोस नावाच्या सेनापतीने बंड केलं तेव्हा दरबाराने या साधूलाच पुन्हा घोड्यावर बसवलं. दावितने १२,००० स्वार दिले आणि ९७९ मध्ये बंड मोडलं. त्या विजयाच्या संपत्तीतून ९८० च्या पुढे इविरोन मठ बांधला गेला, म्हणजे इबेरियनांचा, जॉर्जियनांचा मठ. तो आजही उभा आहे. तोर्निकेसाठी ९७८ मध्ये लिहून घेतलेलं बायबलचं हस्तलिखित अजून तिथंच जपलेलं आहे.

इओआनेनंतर एक्व्तिमे मठाचा प्रमुख झाला. साधारण चौदा वर्षं त्याने ते ओझं वाहिलं आणि १०१९ मध्ये सोडलं, पुन्हा भाषांतराला वेळ मिळावा म्हणून. मठाधिपती म्हणून त्याची एक गोष्ट आपल्या भागात सांगायलाच हवी. एका वर्षी आथोसवर पाऊस पडेना, सगळं करपायला लागलं. साधू त्याच्याकडे आले. तो त्यांना घेऊन उंचावरच्या एलियाच्या (बायबलमधल्या संदेष्ट्याच्या) देवळात गेला, पूजा केली आणि पाऊस आला. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिलाय, खडी फोडलीय, सुकडी खाल्लीय, त्यांना ही गोष्ट लिहून ठेवावीशी का वाटली असेल हे सांगावं लागणार नाही.

त्याच्या भाषांतराची रीत वेगळी होती. तो शब्दाला शब्द लावत नसे. काही गाळी, काही भरी. नंतरच्या पिढीतल्या एफ्रेम म्त्सिरे या पंडिताने त्याची बाजू मांडताना लिहिलंय की तेव्हा आपले लोक लेकरं होते, त्यांना दुधाची गरज होती. मी शिक्षक, मला हे पटतं. पहिलीच्या पोराला भाकरी द्यायची तर ती दुधात कुस्करूनच द्यावी लागते. एफ्रेमची पिढी मोठी झाली होती, तिने शब्दशः भाषांतरं मागितली आणि केली. दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

आता तुमचा मूळ प्रश्न. एक्व्तिमेने जवळजवळ सगळं ग्रीकमधून जॉर्जियनमध्ये आणलं. उलट्या दिशेने, जॉर्जियनमधून ग्रीकमध्ये, अगदी थोडं नेलं. त्यात एक ग्रंथ होता "बालावारी". हिंदुस्थानात आबेनेस नावाचा राजा, त्याला नवसासायासाने मुलगा होतो, त्याचं नाव इओदासाफ. ज्योतिषी सांगतो की याचं मोठेपण या राज्यातलं नाही. राजा त्याला महालात कोंडतो, आजार-म्हातारपण-मरण दिसू नये म्हणून. एके दिवशी तो बाहेर पडतो आणि नेमकं तेच दिसतं. मग बालाह्वार नावाचा तपस्वी व्यापाऱ्याच्या वेषात येतो, माझ्याकडे अनमोल रत्न आहे म्हणतो, आणि राजपुत्राला धर्म सांगतो. शेवटी राजपुत्र राज्य सोडून रानात जातो.

तुम्ही सोळा नंबरमध्ये जे सांगता तेच हे. आपल्याकडची गोष्ट पश्चिमेला जात इराणमार्गे अरबीत पोहोचली, अरबीतून जॉर्जियनमध्ये आली. अरबीत "बोधिसत्त्व"चं "बूदासफ" झालं होतं. अरबीत शब्दाच्या सुरुवातीचा ब आणि य एकाच आकाराचे, खाली एक नुक्ता दिला तर ब, दोन दिले तर य. कुठल्या तरी लेखनिकाने एक नुक्ता जास्त दिला आणि बूदासफचा यूदासफ झाला. तोच जॉर्जियनमध्ये इओदासाफ, ग्रीकमध्ये इओआसाफ, लॅटिनमध्ये जोसाफाट. आमचे आजोबा म्हणायचे, "नुक्ते के हेरफेर से ख़ुदा जुदा हो गया." उर्दू न येणाऱ्यांसाठी सांगतो, ख़ुदा आणि जुदा यांत एका नुक्त्याच्या जागेचाच फरक असतो. हे ते हैदराबादी लहजात म्हणायचे. जोसाफाट वाचताना मला त्यांचाच आवाज ऐकू आला.

एक्व्तिमेच्या ग्रीक ग्रंथातून पुढे अकराव्या शतकातच लॅटिन भाषांतर झालं आणि मग युरोपभर ही कथा पसरली. रोमच्या आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स अशा दोन्ही चर्चांनी जोसाफाटला संत मानून दिवस दिला, रोमच्या पंचांगात २७ नोव्हेंबर. पुष्कळ काळ ग्रीक पुस्तक जॉन दमासीन या दुसऱ्या संताच्या नावावर खपत होतं. पण एक्व्तिमेच्या चरित्रात स्पष्ट लिहिलंय की "बालावारी" त्यानेच ग्रीकमध्ये नेलं, आणि आताचे अभ्यासकही त्याचंच नाव घेतात. मोठी जॉर्जियन संहिता जेरुसलेमच्या एका हस्तलिखितात सापडली, ती १९५७ मध्ये तिबिलिसीत छापली गेली.

यातला एक दृष्टांत तुम्ही कीर्तनात ऐकला असेल. माणूस विहिरीत लोंबकळतोय, वर हत्ती, खाली अजगर, फांदी काळा आणि पांढरा उंदीर कुरतडताहेत आणि हा मधाचा थेंब चाटतोय. महाभारतात विदुर धृतराष्ट्राला हे सांगतो. ग्रीकमध्ये हत्तीच्या जागी एकशिंगी प्राणी आला, बाकी मध तोच.

एक्व्तिमेचा शेवट १०२८ मध्ये, १३ मे रोजी. सम्राटाच्या बोलावण्यावरून कॉन्स्टँटिनोपलला गेला होता. खेचरावर बसून चालला असताना रस्त्यात फाटक्या चिंध्यांतला भिकारी पुढे आला, खेचर बुजलं आणि तो पडला. त्यातच गेला. ज्या शहरात ओलीस म्हणून भाषा हरवली त्याच शहरात. देह इविरोनला नेला.

हे सगळं आपल्याला कळतं ते ग्योर्गी म्तात्समिंदेलीमुळे (१००९–१०६५). त्याने बाप-लेकाचं चरित्र लिहिलं. तोही इविरोनचा प्रमुख आणि मोठा भाषांतरकार. शेवटच्या प्रवासात जॉर्जियातून ८० अनाथ मुलं बरोबर घेऊन निघाला, आथोसवर शिकवायला. कॉन्स्टँटिनोपलला सम्राटापुढे मुलांची व्यवस्था मागितली आणि तिथंच वारला. ऐंशी लेकरं, दादा. माझ्या शाळेचा अख्खा पट तेवढा नव्हता.

पूर्णाकाठ, परभणी

गुरुजींचं वाचून आनंद झाला, आणि एक गोष्ट खुपलीसुद्धा. ती बोलतो.

मी औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजचा विद्यार्थी. बाबासाहेबांनी १९५० मध्ये ते काढलं आणि नाव दिलं ते भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचं. आमच्या वडिलांनी १९५६ मध्ये दीक्षा घेतली तेव्हा घरात बुद्धाची तसबीर आली. त्याआधी कितीतरी शतकं याच मातीत त्याचं नाव कुणी घेत नव्हतं, लेणी रानात गडप होती. आणि त्याच काळात तिकडे त्याचं नाव बदलून त्याला दुसऱ्या धर्माचा संत करून टाकलं. गोष्ट उरली, पण बुद्ध उरला का? फर्दापूरकर दादा हे लेण्यात सांगणार असतील तर "बुद्ध ख्रिस्ती संत होता" एवढंच लोकांच्या डोक्यात राहील, अशी मला भीती वाटते.

गुरुजी, अंबाजोगाई

भीती रास्त आहे. माझ्या लिहिण्यात ते राहून गेलं होतं.

आधी एक्व्तिमेपुरतं. राजपुत्राला ख्रिस्ती त्याने केलं नाही. अरबीतून जॉर्जियनमध्ये येतानाच ते झालं होतं. त्याच्या हातात पुस्तक आलं तेव्हा नायक ख्रिस्ती होता आणि हिंदुस्थान हा दूरचा देश होता. ग्रीक करताना त्याने बायबलची वचनं आणि धर्मचर्चा पुष्कळ वाढवली, म्हणजे मूळ आणखी लांब गेलं.

उरलं काय? भाकीत, महाल, म्हातारा आणि रोगी दिसणं, राज्य सोडणं, आणि दुःख पाहिल्यावर माणूस पूर्वीसारखा जगू शकत नाही ही जाणीव. गेलं काय? बोधिवृक्ष गेला. मध्यम मार्ग गेला. प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे प्रत्येक गोष्ट कारणांतून घडते हा विचार, गेला. आणि ज्याने स्वतःच्या प्रयत्नाने बोध मिळवला, तो इथं दुसऱ्याकडून उपदेश घेणारा शिष्य झाला. हा शेवटचा बदल सगळ्यात मोठा. बुद्ध कुणाच्या कृपेने बुद्ध झाला नाही. तेव्हा लेण्यात सांगताना वाक्य असं असावं, की बुद्धाच्या चरित्रातली गोष्ट दुसऱ्या नावाने युरोपात गेली, धम्म गेला नाही.

आणि ओळख पटल्याची एक खूण आपल्याच महाराष्ट्रात आहे. दियोगो दो कुतो हा गोव्यात राहणारा पोर्तुगीज इतिहासकार, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याने मुंबईजवळच्या साष्टीतल्या कान्हेरी लेण्यांबद्दल लिहिलंय. राजाने आपल्या मुलाला जगापासून दूर ठेवायला ती कोरून घेतली असं तिथल्या लोकांकडून त्याने ऐकलं आणि त्याला जोसाफाट आठवला. बुद्ध आणि जोसाफाट यांची गाठ असावी असा संशय त्याने तेव्हाच मांडला. अभ्यासकांनी ते सिद्ध केलं एकोणिसाव्या शतकात. म्हणजे ही गाठ लक्षात येण्यात लेण्याचाही वाटा आहे.

पूर्णाकाठ, परभणी

"गोष्ट गेली, धम्म गेला नाही." हे चालेल. कान्हेरीचं माहीत नव्हतं. आभार, गुरुजी.

लातूरची आई

माझी मुलगी तिबिलिसीत चौथ्या वर्षाला आहे. दादांनी लावलेला वहीचा फोटो तिला पाठवला. तिने घरमालकिणीला दाखवून वाचून घेतला. वरची ओळ "एक्व्तिमे म्तात्समिंदेली", खालची "इओदासाफ". उच्चार "एक्वतिमे" नाही, "एक्व्तिमे", व अर्धाच.

मुलीने दोन गोष्टी लिहायला सांगितल्यात. पहिली, नेटवर नुसतं एक्व्तिमे शोधाल तर दाढीवाल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो येईल. ते एक्व्तिमे ताकाइश्विली, विसाव्या शतकातले. १९२१ मध्ये बोल्शेविक आले तेव्हा त्यांनी देशाचा खजिना, जुने मुकुट, मूर्ती, हस्तलिखितं, पेट्यांत भरून फ्रान्सला नेला. चोवीस वर्षं त्यावर बसून राहिले. गरिबीत दिवस काढले पण एक वस्तू विकली नाही, आणि १९४५ मध्ये सगळं परत आणलं. त्यांनाही चर्चने संत केलंय. घोटाळा करू नका.

दुसरी गोष्ट तिच्या मालकिणीने सांगितली, आणि ती ऐकल्यापासून माझ्या मनातून जात नाही. आथोस पर्वतावर बाईला पाऊल टाकता येत नाही. हजार वर्षांचा नियम आहे. त्यांचा एवढा लाडका संत, त्याचा मठ, त्याची समाधी, त्याने लिहिलेलं, सगळं तिथं, आणि तिथल्या बायका फक्त समुद्रातल्या बोटीतून लांबून बघू शकतात. दादा, तुमच्याकडे आलेल्या आजी इविरोनला कधी जाऊ शकल्या नसतील. सोळा नंबरमध्ये मात्र कुणी अडवलं नाही. त्या लेकराच्या चित्रासमोर हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. मला वाटतं म्हणून त्यांनी ते नाव दोनदा घेतलं.

फर्दापूरकर

आज सोमवार, लेणी बंद असतात, म्हणून निवांत सगळं पुन्हा वाचलं आणि वहीत उतरवून घेतलं. गुरुजी, पूर्णाकाठ दादा, ताई, तिघांचेही आभार.

सांगायचं ठरवलंय. असिताच्या चित्राशी, आणि पूर्णाकाठ दादांना कबूल केलेल्या वाक्यासकट. ज्यांना घाई असेल त्यांना नाही सांगणार. नुक्त्याची गोष्ट बाहेर, ओवरीत उभं राहून सांगीन, कारण ती वहीवर लिहून दाखवावी लागेल आणि आत उजेड पुरत नाही. पलीकडच्या गावातल्या एका मौलानांकडून दोन्ही अक्षरं गिरवून घेणार आहे, म्हणजे हात चुकायला नको.

ताई, तुमचं वाचल्यावर त्या पोराला मेसेज केला. नंबर घेतला होता. लिहिलं, आजींना सांग वही वाचता आली. संध्याकाळी उत्तर आलं. आजी विचारतायत, त्या बाळाला तुमच्याकडे काय म्हणतात, मूळ शब्द ऐकायचाय.

अंगणात जाऊन आवाज रेकॉर्ड केला. बो-धि-सत्-त्व. तीन वेळा, सावकाश म्हटलं आणि पाठवलं.